जुन्या पुस्तकांचं दुकान, तीन माणसं आणि खरेदीचा निर्णय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचं जुन्या पुस्तकांचं दुकान गेल्या वर्षी तुमच्याकडे आलं. वडिलांच्या वेळचे एक काका आहेत. त्यांना सगळं ठाऊक आहे, पण ते कुणाला काही सांगत नाहीत. दोन तरुण मुलं आहेत. गिऱ्हाईक नसलं की ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि सहा-आठ महिन्यांत सोडून जातात. विक्रीवर कमिशन द्यावं का, कॅमेरा लावावा का, आणि या मुलांना कामात गोडी कशी लागेल, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात हाच धंदा करते. पुढे शालेय आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं, मध्ये स्पर्धा परीक्षा, मागच्या खोलीत मराठी साहित्य आणि जुने अंक. माणसंही तुमच्याइतकीच. त्यामुळे मोठ्या दुकानांची तंत्रं बाजूला ठेवते आणि आपल्या धंद्यात जे चालतं तेवढंच सांगते.

नव्या पुस्तकांच्या दुकानात छापील किंमत ठरलेली असते, प्रकाशकाकडून मिळणारी सूट ठरलेली असते. मुलगा पुस्तक काढून देतो, बिल करतो, झालं. आपल्याकडे एकाच पुस्तकाच्या तीन प्रतींना तीन भाव असतात. आणि गल्ल्यात पैसा विकताना पडत असला तरी तो कमावलेला असतो घेताना. दीडशेला जाणारं पुस्तक साठला घेतलं तर धंदा, एकशे दहाला घेतलं तर नुसती हमाली. म्हणजे दुकानातलं खरं डोक्याचं काम खरेदी, आणि बहुतेक मालक नेमकं तेच स्वतःकडे ठेवतात. मुलांच्या वाट्याला काय येतं? धूळ झटकणं, शिडीवर चढणं, गठ्ठे उतरवणं आणि दिवसभर ‘थांबा हं, मालक येऊ देत’ म्हणणं. ज्याला दिवसभर हेच म्हणायचंय, त्याचा हात मोबाइलकडे जाणारच.

म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांना मिळून मी एकच उत्तर देईन. मुलांना खरेदी शिकवा आणि ठरलेल्या मर्यादेत तिचा निर्णय त्यांच्या हातात द्या. पगार, सुट्टी, बोनस हे सगळं हवंच, त्याबद्दलही लिहिते. पण आमच्याकडे मुलं टिकली ती ‘आपल्या नजरेला इथे किंमत आहे’ हे त्यांना कळल्यावर.

शिकवायचं कसं, ते एका खरेदीवरून सांगते. मे महिना, दुपार. इंजिनिअरिंगची एक मुलगी सॅक भरून पुस्तकं घेऊन येते, काउंटरवर ओतते आणि विचारते, ‘किती देणार?’ नवखा मुलगा आधी छापील किंमत बघतो. त्याला सांगायचं, किंमत सगळ्यात शेवटी. आधी पॅटर्न, म्हणजे पुस्तक कोणत्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचं आहे ते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला 2015 चा पॅटर्न होता, मग 2019 चा आला, मग 2024 चा. नवा पॅटर्न पहिल्या वर्षाला लागतो आणि दर वर्षी एकेक वर्ष वर सरकतो. त्यामुळे 2019 पॅटर्नचं पहिल्या वर्षाचं पुस्तक जेव्हा रद्दी झालेलं असतं, तेव्हा शेवटच्या वर्षाचं अजून हातोहात जात असतं. पॉलिटेक्निकला हेच ‘आय स्कीम’ आणि ‘के स्कीम’ या अभ्यासक्रमांचं. हे ज्याला कळलं त्याला अर्धी खरेदी कळली. त्यानंतर पुस्तक उघडायचं: शिवण सुटलीय का, मधली पानं आहेत का, मागची सोडवलेली प्रश्नपत्रिका कुणी फाडून नेलीय का, पाणी लागलंय का. पेन्सिलच्या खुणा चालतात, पेनाने भरलेली उत्तरं चालत नाहीत. मग तीन ढीग करायचे: लगेच जाणारं, थांबून जाणारं आणि रद्दी. तिसरा ढीग त्या मुलीला स्पष्ट दाखवायचा आणि सांगायचं, ‘ही चार मी चांगल्या भावाने घेतो, ही दोन अर्ध्यावर. ही तीन इथे विकली जाणार नाहीत. घरी न्यायची नसतील तर ठेवा, पण त्यांचे पैसे रद्दीचेच येतील.’ एवढं नीट सांगितलं की ती पुढच्या सेमिस्टरला मैत्रिणीला घेऊन येते.

आमचा एक मुलगा हे तीन ढीग करायला लागला तेव्हा पहिले काही दिवस मी फक्त शेजारी उभी राहायचे. तो ढीग करायचा आणि एकेका पुस्तकाचं कारण मला सांगायचा. मी भाव सांगायचे. मग तोच भाव सांगायला लागला, मी फक्त मान हलवायचे. पुढे मी जागेवरून उठणंच बंद केलं. या सगळ्याला एक सीझन पुरतो. घाई करू नका, पण वर्षभर ताणूही नका. फार लांबवलं तर मुलाला वाटतं, यांचा आपल्यावर विश्वास बसणारच नाही.

मर्यादा आकड्यात सांगा. ‘छोटी खरेदी तू कर’ हे मोघम वाक्य काही कामाचं नाही. आमच्याकडे नव्या मुलाला एका गिऱ्हाइकामागे पाचशे रुपयांपर्यंत, जुन्या माणसाला दोन हजारांपर्यंत कुणालाही न विचारता खरेदी करता येते. त्यावर गेलं तर फोन. त्यासाठी सकाळी खरेदीचे पैसे गल्ल्यापासून वेगळ्या डब्यात काढून ठेवतो. संध्याकाळी डब्यातली शिल्लक आणि खरेदीच्या वहीतला आकडा जुळला की दिवस मिटला.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने तीन गोष्टी लिहायच्या: महिना आणि वर्ष, घेणाऱ्याचं आद्याक्षर, आणि खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत. सांकेतिक भाषा आपल्या बाजाराला नवी नाही. दहा वेगळ्या अक्षरांचा एखादा शब्दसमूह घ्यायचा आणि त्यांना 1 पासून 0 पर्यंत आकडे द्यायचे. ‘पुणेकर हसतमुखच’ हे घेऊन बघा: प, ण, क, र, ह, स, त, म, ख, च. मग 140 रुपये म्हणजे ‘परच’, 85 म्हणजे ‘मह’. तुम्ही अर्थातच तुमचा वेगळा निवडा. बरेच मालक ही किल्ली नोकरांनाही सांगत नाहीत. माझं मत याच्या अगदी उलट आहे. किल्ली दुकानातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. गिऱ्हाईक घासाघीस करत असताना आपलं पुस्तक कितीला पडलंय हेच ज्याला माहीत नाही, तो एकतर ताठ राहून गिऱ्हाईक घालवतो नाहीतर घाबरून तोट्यात देतो.

चुकीची खरेदी होणारच. त्यासाठी एक फळी वेगळी ठेवा. सहा महिने न हललेलं पुस्तक त्या फळीवर येतं. महिन्यातून एकदा, दुकान उघडण्याआधी चहा घेताना, सगळ्यांनी मिळून ती फळी बघायची. आद्याक्षर कुणाचंही असो, तुमचं असलं तरीही, प्रश्न एकच: हे का अडकलं? आवृत्ती बदलली, आधीच दहा प्रती होत्या की भाव जास्त लागला? कुणाच्या पगारातून एक रुपया कापायचा नाही. चुकीच्या खरेदीचे पैसे कापले की दुसऱ्या दिवसापासून मुलं काहीच घेईनाशी होतात आणि चांगला माल समोरच्या दुकानात जातो. ते नुकसान तुम्हाला कोणत्याही वहीत दिसणार नाही.

आता एक सवय, जी मालकाला सोडावीच लागते. गिऱ्हाईक भाव करतंय, मुलगा म्हणतो, ‘दोनशे, कमी नाही होणार.’ गिऱ्हाईक तुमच्याकडे वळून म्हणतं, ‘शेठ, तुम्ही सांगा.’ आणि तुम्ही म्हणता, ‘द्या एकशे ऐंशी.’ तुम्हाला वाटतं, विक्री झाली. पण त्या वीस रुपयांत तुम्ही त्या मुलाचा शब्द विकलात. आता ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी मुलाशी बोलणारच नाही, आणि मुलगा पुढच्या वेळी भाव सांगायचे कष्ट घेणार नाही. माझ्याकडे वळलेल्या गिऱ्हाइकाला मी एकच सांगते, ‘त्याने सांगितलाय तोच भाव.’ सूट द्यायची असेल तर ती देण्याचा अधिकार मुलालाच द्या: लिहिलेल्या किमतीवर दहा टक्क्यांपर्यंत त्याच्या मनाने. भवानीच्या गिऱ्हाइकाला थोडं जास्त सोडायचं असेल तर तेही त्यालाच ठरवू दे. त्याचा भाव चुकला असं तुम्हाला वाटलं, तर गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावर बोला, आणि तेही बाकीच्यांच्या कानावर न जाता.

काकांचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ खर्च करा, असं मी म्हणेन. काका सांगत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा आडमुठेपणा नसतो. त्यांच्याजवळ शिक्षण नाही, दुसरी नोकरी मिळायचं वय राहिलेलं नाही. डोक्यात आहे तेवढीच त्यांची शिल्लक. ती मुलांना वाटून टाकली आणि नव्या मालकाने ‘आता तुमची गरज नाही’ म्हटलं तर? वडील गेल्यावर किंवा बाजूला झाल्यावर ही भीती दुप्पट होते. त्यामुळे आधी ती भीती काढा. समोर बसवून स्पष्ट शब्दांत सांगा, की काका, तुम्ही हातपाय चालतायत तोवर इथेच आहात, आणि पुढे जड काम झेपेनासं झालं तरी काउंटरवरची खुर्ची तुमची. मनात नसेल तर बोलू नका. बोललात तर पाळा.

मग त्यांच्या कामाचं स्वरूप बदला. ‘सगळं लिहून द्या’ असं म्हणू नका. ज्याने आयुष्यभर हाताने आणि नजरेने काम केलंय, त्याला वही दिली की अपमान वाटतो. त्याऐवजी रद्दीवाल्याकडे माल बघायला जाताना एक मुलगा त्यांच्याबरोबर पाठवा. रद्दीच्या ढिगातून काय उचलायचं हे ज्ञान फक्त असंच पुढे जातं. आमच्या मुलांना मागच्या खोलीतली गोडी लागली ती अशीच. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा दिसला की थांबायचं, कारण मराठीत ही परंपरा 1909 मध्ये ‘मनोरंजन’च्या अंकापासून चालत आलीय आणि जुने अंक शोधणारे वाचक आजही दाराशी येतात. ‘चांदोबा’चे, ‘किशोर’चे बांधीव गठ्ठे वजनावर जाऊ द्यायचे नाहीत. पुस्तकाची पहिली आवृत्ती कशी ओळखायची, वेष्टन शाबूत असेल तर भाव का वाढतो, लेखकाची सही खरी वाटते का, हे आमच्याकडचे काका चालता चालता सांगतात. मुलगा परत येऊन मला सांगतो आणि मी तेव्हा काकांना विचारते, ‘बरोबर सांगितलं का त्याने?’ काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुकानाची मांडणी काकांच्या डोक्यात असेल तर ती बदलू नका, तिला नावं द्या. आमच्याकडे मांडणी ना लेखकाप्रमाणे होती ना विषयाप्रमाणे. ज्यांनी लावली त्यांनाच सापडायची. आम्ही प्रत्येक फळीला आकडा दिला आणि जसजसं पुस्तक मागितलं जाईल तसतसा आकडा एका वहीत लिहीत गेलो. कुणालाही वेगळं बसून यादी करावी लागली नाही. पगारातही काकांचं वेगळेपण दिसू द्या. अनुभवी माणूस आणि सहा महिन्यांचा मुलगा यांच्या पगारात फक्त दोन हजारांचा फरक असेल तर तुम्ही कितीही ‘काका काका’ म्हणालात तरी त्यांना खरं काय ते कळतं.

आता मोबाइल. आपल्या धंद्याला दोन भरत्या असतात: शाळा-कॉलेज उघडतानाची, म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि दुसऱ्या सेमिस्टरची, डिसेंबर-जानेवारीत. मधले महिने दुपारी दुकान सुनं असतं. त्या वेळी मुलाने नुसतं ताठ उभं राहावं अशी अपेक्षा चुकीची आहे. बसायला स्टूल द्या. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलं. आपण कायद्याची वाट बघायची गरज नाही. आणि मोबाइल काढून घेऊ नका, त्याला काम द्या. दुकानाचा एक वेगळा फोन ठेवा. गिऱ्हाइकांच्या मागण्या व्हॉट्सॲपवर येतात, ‘अमुक पुस्तक आहे का?’ शोधून, फोटो काढून, आतली पानं दाखवून, भाव कळवणं ही जबाबदारी एका मुलाला पूर्णपणे द्या. आमच्याकडे ज्या मुलाबद्दल सगळ्यांची तक्रार होती, तोच आज हा फोन सांभाळतो. बाहेरगावची पार्सलं तोच बांधतो आणि पोस्टातही तोच जातो.

सुन्या दुपारी करायची कामं हातात घेतल्यावर समाधान देणारी हवीत. फाटलेल्या पुस्तकाची शिवण घालणं, निघालेला पुठ्ठा खळीने चिकटवणं, जुनी चिकटपट्टी काढणं, पारदर्शक कव्हर घालणं. बाइंडिंग करणाऱ्या कारागिराला एक दुपार बोलावून, त्याला त्याची मजुरी देऊन, मुलांना हे शिकवा. तीस रुपयांची प्रत दुरुस्त होऊन सत्तरला गेली की मुलगा ते पुस्तक कोण घेऊन गेलं हेही लक्षात ठेवतो. पावसाळ्याआधी खालच्या फळ्या रिकाम्या करणं, डांबरगोळ्या बदलणं, बुरशी लागलेला माल बाजूला काढणं हेही याच दिवसांत उरकून घ्यायचं. धुळीच्या कामाला मास्क द्याच. आपल्या धंद्यात खोकला हा नेहमीचा आजार आहे आणि मालकाने स्वतः मास्क लावला तरच मुलं लावतात.

पगाराबद्दल थोडक्यात, पण ठाम. तीन माणसांच्या दुकानाला 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमातल्या बहुतेक तरतुदी लागत नाहीत, धंद्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. त्यावरून काही जण समजतात की पगारही मनाला येईल तो द्यायचा. तसं नाही. किमान वेतन एका माणसालाही लागू आहे, ते तुमचं गाव कोणत्या परिमंडळात, म्हणजे झोनमध्ये, येतं त्यावर ठरतं आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तो बघा आणि त्याच्या वर राहा. पगाराची तारीख एकदा ठरवली की ती हलता कामा नये. सीझन मंद असो, तुमचे पैसे मालात अडकलेले असोत, सात तारीख म्हणजे सात तारीख. मुलाची खोलीचं भाडं द्यायची तारीख मालकाच्या अडचणीकडे बघून पुढे सरकत नाही. आठवड्याची सुट्टी पूर्ण द्या आणि त्या दिवशी फोन करून ‘ते अमुक पुस्तक कुठे आहे रे?’ विचारू नका. त्यासाठीच फळ्यांना आकडे दिलेत.

उचल हा आपल्याकडचा हळवा विषय. मुलीचं लग्न, आईचं आजारपण, गावाकडची पेरणी. माणूस मालकाकडेच येणार. द्यावी, पण दोघांच्या सह्यांनी वहीत लिहावी आणि दर महिन्याला किती कापायची हे त्याच वेळी ठरवावं. एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ नये असं कायदाही सांगतो. मी चौथाईच्या वर कापत नाही. उचलीखाली दबलेला माणूस दुकानात राहतो, पण कामात राहत नाही. शिवाय प्रत्येकाचा दोन लाखांचा अपघात विमा बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांत आणि पन्नाशी ओलांडली नसेल तर जीवन विमा 436 रुपयांत उतरतो. हे हप्ते दुकानाने भरावेत. शिडीवर रोज चढणाऱ्या माणसाच्या घरच्यांसाठी एवढं तरी आपण करायलाच हवं.

आता कमिशन. माझं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे. विक्रीवर कमिशन लावलं की मुलगा 2024 पॅटर्नच्या विद्यार्थ्याच्या गळ्यात 2019 चं पुस्तक मारणार. ते पोरगं आठ दिवसांनी रडवेलं होऊन परत येणार आणि तुमचं नाव कॉलेजभर होणार. शिवाय गिऱ्हाईक आत शिरलं की दोघं धावणार आणि गठ्ठे उचलायला कुणीच नाही. गोणी उतरवणाऱ्याचं, पुस्तक शिवणाऱ्याचं कमिशन कुठून काढणार?

त्याऐवजी सीझनचा वाटा काढा. जून-जुलैची विक्री घ्या, त्यातून विकलेल्या मालाची खरेदी वजा करा; पानावरची सांकेतिक किंमत विकताना वहीत उतरवली की हा आकडा आपोआप तयार होतो. समजा विक्री चार लाख, त्या मालाची खरेदी दोन लाख वीस हजार. उरले एक लाख ऐंशी हजार. त्याचे पाच टक्के म्हणजे नऊ हजार. ते तिघांत हजेरीच्या दिवसांप्रमाणे वाटा, कुणी किती विकलं यावर नाही. आणि गणपतीच्या आधी हातात द्या. आकडे मांडलेली वही उघडी ठेवा, ज्याला बघायचंय त्याने बघावं. पहिल्या वर्षी मुलांचा यावर विश्वास बसत नाही. दुसऱ्या वर्षी तीच मुलं मे महिन्यात सांगतात, ‘ताई, पहिल्या वर्षाची मॅथ्स कमी पडणार, आत्ताच जास्त घेऊ या.’

दिवाळीचा बोनस या वाट्यात मिसळू नका. तो वेगळाच. बोनसचा कायदा वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांसाठी आहे आणि तिथे किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार, असा हिशेब आहे. आपल्याला तो बंधनकारक नाही, पण बाजाराची रीत तीच आहे आणि घरातल्या कपड्यालत्त्याचा, फराळाचा हिशेब त्यावरच बांधलेला असतो. तो कामगिरीवर कमी-जास्त करू नये.

मुलं सोडून जातात याचा फार त्रास करून घेऊ नका, पण आधी ओळखा की कोण का आलाय. पुण्यात मराठवाड्यातून, विदर्भातून एमपीएससीच्या अभ्यासाला आलेली मुलं पेठांमध्ये खोल्या घेऊन राहतात आणि अर्धवेळ काम शोधतात. ती कायमची नाहीत, परीक्षेची तारीख लागली की जाणार. त्यांना तसंच सांगून घ्या: सीझनपुरतं, अर्धा दिवस, अभ्यासाला दुकानातली पुस्तकं फुकट वापरायची, परीक्षेआधी महिनाभर सुट्टी. स्पर्धा परीक्षेच्या विभागाला त्यांच्याइतका चांगला विक्रेता मिळत नाही, कारण कोणती आवृत्ती चालते हे त्यांना आपल्याआधी कळतं. गेलेला मुलगा जाताना आपल्या जागी गावचा दुसरा देऊन जातो. ज्याला हा धंदाच करायचाय असा मुलगा वेगळा. त्याला पहिल्या वर्षापासून खरेदीत घ्या. उद्या त्याने स्वतःचं दुकान टाकलं तरी बिघडत नाही. बाजारात आपल्याला मालाची अदलाबदल करायला विश्वासाचं माणूस मिळतं.

एक काम मात्र नवख्याला एकट्याने करू देऊ नका: घरी जाऊन संग्रह घेणं. वाचणारा माणूस गेलेला असतो, मुलं परगावी किंवा परदेशात असतात, फ्लॅट रिकामा करायचा असतो. त्यांच्या डोळ्यांदेखत एखादं पुस्तक उचलून ‘ही रद्दी’ म्हणायचं नाही. काय घेणार आणि काय नाही हे हळू आवाजात, त्यांच्या हातात यादी देऊन सांगायचं. आणि प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकायचं, ते त्यांच्यासमोरच. पत्रं निघतात, फोटो निघतात, कधी नोटा निघतात, वाळलेलं फूल निघतं. जे निघेल ते सगळं त्यांच्या हातात. आमच्या एका मुलाने एका बाईंना त्यांच्या वडिलांचं पोस्टकार्ड असंच काढून दिलं. त्यांनी भावाची घासाघीस तिथेच थांबवली आणि आणखी दोन कपाटं उघडून दिली. पण मुलगा परतताना टेम्पोत बोलत होता तो त्या पोस्टकार्डावरच्या अक्षराबद्दल. असे प्रसंग मुलांच्या वाट्याला येऊ द्या. सगळ्या चांगल्या घरी मालकच गेला तर त्यांना या कामातलं मोठेपण दिसणार कसं?

राहता राहिला कॅमेरा. आपल्या मालाला बारकोड नाही, त्यामुळे चोरीची भीती खरी आहे. पण ती बहुतेक तीन वाटांनी होते: दारात आलेला माल मुलाने परस्पर स्वतः घेऊन दुसरीकडे देणं, वहीत न चढवता विकणं, आणि काउंटरवर दुकानाच्या क्यूआर कोडऐवजी स्वतःचा दाखवणं. तिसऱ्यावर उपाय सोपा: एकच क्यूआर, काउंटरला पक्का चिकटवलेला, आणि रक्कम मोठ्याने बोलणारा साउंडबॉक्स. दुसऱ्यावर उपाय म्हणजे रोज संध्याकाळी वही जुळवणं. पहिल्यावर उपाय असा, की एखादं पुस्तक मुलाला स्वतःसाठी हवंसं वाटलं तर खरेदीच्याच किमतीत, वहीत नोंद करून, आधी त्याला मिळेल. हा हक्क उघडपणे द्या. तरीही कुणी मुद्दाम लबाडी केली आणि खात्री झाली, तर हिशेब पूर्ण करून त्याच दिवशी निरोप द्या, चौकात चर्चा करू नका.

कॅमेरा लावायचाच असेल तर दोन लावा, दारावर आणि काउंटरवर. लावण्याआधी तिघांना सांगा, काउंटरवरचं चित्र त्यांनाही दिसेल असं ठेवा. मागच्या खोलीत, जिथे ते डबा खातात, तिथे लावू नका. घरी बसून मोबाइलवर दुकान बघत राहायचं आणि ‘तो स्टुलावर का बसलाय?’ म्हणून फोन करायचा, हे तर अजिबात नको. रेकॉर्डिंग हिशेब जुळला नाही तरच उघडायचं, आणि तेव्हा काकांना शेजारी बसवून.